गावची विहीर यंदा जानेवारीतच आटली, आणि त्यात आमच्या बोअरचाही वाटा आहे

बालाघाट_पायथा (१२ मे २०२४, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका छोट्या गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात घरच्यांचा आणि भावकीचा विषय आहे.

आमच्या गावची पिण्याच्या पाण्याची विहीर बहात्तरच्या दुष्काळात, कामावरच्या लोकांनी खोदलेली. आठ परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) खोल, घडीव दगडाची. २०१६ च्या उन्हाळ्यात, शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हाही, या विहिरीनं एप्रिलपर्यंत साथ दिली होती. यंदा ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आटली. मी स्वतः खाली उतरून बघितलं. तळाला चिखलसुद्धा ओला नव्हता.

ऑगस्ट २०२३ आठवत असेलच. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलात असताना पावसानं जी दडी मारली, ती मोडलीच नाही. ३१ ऑक्टोबरला शासनानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांतल्या २४ गंभीर तालुक्यांत बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि आमचं अंबाजोगाई. तेव्हा पाऊस कमी झाला हे खरंच आहे. पण २०१५ लाही कमीच झाला होता. मग तेव्हा एप्रिलपर्यंत टिकलेली विहीर आता जानेवारीत का गेली?

गेला महिनाभर रोज संध्याकाळी मी एकच काम केलं. विहिरीच्या भोवती पायांनी मोजत फिरलो. ५०० मीटरच्या आत सात बोअर आहेत आणि सगळे २०१६ नंतरचे. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असा कायदा १९९३ पासून आहे. सातांपैकी एकाचीही परवानगी नाही.

त्यांतला एक आमचा. २०१९ साली वडिलांनी घेतला, ६२० फूट. दीड एकर ऊस आणि मोसंबीच्या बागेसाठी. बोअर पाडणारा गाडीवाला म्हणाला होता, एवढ्या खालचा झरा वेगळा असतो, विहिरीला धक्का लागत नाही. आम्ही विश्वास ठेवला, कारण आम्हाला ठेवायचा होता. आता तो बोअर वीस मिनिटं चालतो आणि गुळण्या टाकायला लागतो. विहीर गेली, बोअरही गेला. आई पासष्टाव्या वर्षी टँकरच्या पाइपाखाली घागर धरून उभी राहते.

टँकर कसा मिळवायचा हे विचारायला धागा काढलेला नाही. टँकर सुरू आहे. मला विचारायचंय ते असं: गावानं आपलं पाणी मोजायचं कसं, आणि मोजून झाल्यावर उपसा थांबवायचा कसा? ज्यांच्या गावात हे झालंय, किंवा प्रयत्न करून फसलंय, त्यांनी लिहा. फसलेलं जास्त लिहा.

लातूरची_लेक (१२ मे, रात्री ११:०५)

दादा, धागा वाचून झोप उडाली.

२०१६ मध्ये मी बारावीला होते. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी कलम १४४ लावलं होतं, कारण टाकीवर मारामाऱ्या व्हायला लागल्या होत्या. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, १० वाघिणी (टाकीचे डबे), ५ लाख लिटर. स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटर. सगळ्या देशात बातमी झाली, आणि ज्यांनी ती गाडी चालवली त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण आमच्या बाबांनी तेव्हाच कागदावर भागाकार करून दाखवला होता. शहर चार लाखांच्या आसपास. ५ लाख लिटर म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर. २५ लाख लिटर म्हणजे सहा लिटर. एक कळशीसुद्धा नाही.

धनेगावचं मांजरा धरण जोत्याखाली गेलं होतं, म्हणजे वापरायचा साठा संपला होता, आणि मृतसाठाही संपत आला होता. त्याच वर्षी पावसाळ्यात धरण भरलं. दिवाळीनंतर मामाच्या गावाला गेले तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला उसाच्या लागणी सुरू होत्या. गाडी येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं हो.

काळा_पाषाण (१३ मे, सकाळी ७:२०)

आयुष्यभर विहिरींची पातळी मोजण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. गाडीवाल्यानं तुम्हाला जे सांगितलं ते मराठवाड्यात प्रत्येक गाडीवाला सांगतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या पायाखाली लाव्हाचे थर आहेत, भाकरीवर भाकरी ठेवावी तसे. वर माती, मग मुरूम, त्याखाली कुजलेला, भेगाळलेला खडक. कुठे मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक लागतो, कुठे दोन थरांच्या मधे लाल गेरूची पट्टी. त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुरतं आणि साठतं ते वरच्या चाळीस ते साठ फुटांत. तुमची आठ परसांची विहीर बरोबर त्या थरात आहे. ज्यांनी जागा धरली त्यांना जमीन कळत होती.

काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत सापडतं. ते वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं. एकदा उपसलं की पुढच्या पावसाळ्यात परत येईलच असं नाही. तुमचा बोअर पहिल्या दोन वर्षांत जे पाणी देत होता ते बरंचसं असं जुनं साठलेलं.

आता मुख्य गोष्ट. ६२० फुटांच्या बोअरला केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, किती फूट घातलं? आपल्याकडे वीस-तीस फूट घालतात, खडक लागला की पैसे वाचवायला थांबतात. त्याखाली भोक उघडं. म्हणजे वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून सरळ खाली उतरतं. मोटर बंद असली तरी उतरतं. माठाच्या बुडाला छिद्र पाडावं तसं. सात बोअर म्हणजे सात छिद्रं. विहीर जानेवारीत जाणारच.

शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायची नाही, हे २००९ च्या भूजल अधिनियमात लिहिलेलं आहे. तो कायदा २०१४ पासून लागू आहे. तुमच्या वडिलांना कुणी सांगितला नसेल. आम्ही सांगायला कमी पडलो, हे मी मान्य करतो.

आडसाली (१३ मे, दुपारी १:१५)

लातूरची_लेक ताई, रस्त्याच्या अंगाला ऊस दिसला तो माझ्यासारख्याचाच. माझं म्हणणं ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

सोयाबीनचा २०२३-२४ चा हमीभाव ४,६०० रुपये क्विंटल. बाजारात यंदा तेवढाही मिळाला नाही. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान दर, २०२३-२४ ला टनाला ३,१५० रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वजा होते, पैसे उशिरा येतात, पण येतात. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. दिवाळीत भाव पडला म्हणून रडावं लागत नाही. मुलीची फी आणि आईचं ऑपरेशन, दोन्ही मी उसावर केलं. शेतकऱ्याला पाण्याची चाड नाही असं लिहू नका. मलाही टँकरच येतो. ज्वारी-करडईला उसासारखी खात्रीची खरेदी द्या, उद्या ऊस मोडतो.

बालाघाट_पायथा (१३ मे, रात्री १०:३०)

आडसाली काका, तुमचं एकही वाक्य खोटं नाही. वडील हेच बोलतात, आणि मी त्यांच्यापुढं गप्प बसतो. पण काळा_पाषाण सरांची पोस्ट वाचून आज वहीत हिशेब मांडला. तो इथं टाकतो, चुकला असेल तर दुरुस्त करा.

आमचं शिवार धरा ६०० हेक्टर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर १० हजार लिटर पाणी होतं. वाईट वर्ष म्हणून फक्त ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी शिवारात २४० कोटी लिटर पडलं.

माणसं १,८००. माणशी ५५ लिटर धरून वर्षाचं झालं ३ कोटी ६० लाख लिटर. मोठी जनावरं ५००, जनावरामागं रोज ४० लिटर धरले तर वर्षाचे ७३ लाख. दोन्ही मिळून सव्वाचार कोटींच्या थोडं वर. म्हणजे दुष्काळी वर्षातसुद्धा पडलेल्या पाण्यातले शंभरातले दोन लिटरही प्यायला लागत नाहीत.

मी तीनदा गुणाकार केला. मला वाटत होतं पाणीच नाही.

आता ऊस. पाटपाण्यावर हेक्टरी वर्षाला २ कोटी लिटर धरले, तर गावात ४० एकर म्हणजे १६ हेक्टर आहे. ३२ कोटी लिटर. गावातल्या सगळ्या माणसांच्या पिण्या-वापरण्याच्या जवळजवळ नऊपट. लातूरला आलेल्या २५ लाख लिटरच्या गाडीच्या भाषेत, एक हेक्टर ऊस म्हणजे आठ गाड्या. ठिबक केलं तर बरंच कमी होतं, मान्य. पण चाळीस एकरांत ठिबक आहे फक्त सात एकरांवर.

पडलेलं सगळं पाणी हातात येत नाही हे मला कळतं. निम्म्याहून जास्त उन्हानं उडतं, पिकं घेतात, काही ओढ्यानं वाहून जातं. तरीही शंभरातले दोन लिटर राखता येत नाहीत, हे मला पटत नाही.

बहात्तरचा_गडी (१४ मे, सकाळी ६:००)

नातवाकडून लिहून घेतोय. बहात्तरला मी सोळा वर्षांचा होतो. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. दुपारच्याला सुकडी मिळायची. घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. माणसं भुकेनं बेजार होती, जनावरं दावणीला मेली. पण प्यायला पाणी होतं. विहिरीत दोर सोडला की घागर भरून यायची. आता घरात गहू-तांदूळ हाये, पाणी न्हाई. तुमची ती विहीर ज्यांनी खोदली त्यातली माणसं आजून असतील गावात. त्यांना इचारा कुठल्या बाजूनं झरा लागला व्हता. खोदणाऱ्याला ध्यानात असतंय.

नगरकडचा (१४ मे, दुपारी ४:४५)

मोजणी कशी करायची हा प्रश्न असेल तर आमच्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन या. पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण लोक झाडं आणि बंधारे बघून परततात. खरं काम फळ्यावर आहे. पावसाळा संपला की पाऊस किती झाला, पाणी किती मुरलं, पिण्याला किती, रब्बीला किती उरतं, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. शेतीला बोअर बंद, ऊस-केळीला मनाई. पाऊस आमचा तुमच्यापेक्षाही कमी.

धरणाच्या पाण्याचंही तसंच बघा. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर आमच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा २०१४ चा नियम. गेल्या वर्षी ८.६ टीएमसीचा आदेश निघाला तेव्हा आमच्याकडे आंदोलनं झाली. त्या भांडणात इथे शिरायचं नाही. सांगायचंय एवढंच की सगळं ऑक्टोबरात ठरतं. मे महिन्यात फक्त भोगायचं असतं.

टंचाई_टेबल (१४ मे, रात्री ८:१०)

तहसीलमध्ये टंचाईचंच काम करतो, म्हणून नगरकडच्यांना दुजोरा देतो. पूर्वी ५० पैशांच्या आतली आणेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज) बघायचे. २०१६ च्या दुष्काळ संहितेपासून पावसाची तूट, खंड, उपग्रहावरून पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल, असं बघून मग निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेर. भूजलवाल्यांच्या निरीक्षण विहिरींची पावसाळ्यानंतरची नोंदही तेव्हाचीच.

पण त्या विहिरी थोड्या आणि गावं फार. तुमच्या गावात निरीक्षण विहीर नसेल तर तुमच्या जमिनीत काय चाललंय ते कुठल्याच कागदावर नाही. माझ्या टेबलावर तुमचं गाव येतं ते थेट टँकरच्या प्रस्तावानं, माणशी २० लिटरच्या हिशेबानं. खाजगी बोअरचं अधिग्रहणही आम्ही विहीर आटल्यावरच करतो. म्हणजे ज्या बोअरनं विहीर कोरडी केली, त्याच बोअरचं पाणी मोबदला देऊन गावाला पाजतो. असे कागद मी कितीतरी लिहिलेत आणि प्रत्येक वेळी मनाला लागतं.

मांजरा_ते_मुठा (१५ मे, सकाळी ९:३०)

मी पुण्यात असते, माहेर केज तालुक्यात. आम्ही नोकरीवाल्यांनी वर्गणी काढून २०१७ मध्ये ओढ्याचं खोलीकरण केलं होतं. फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

पोकलेन लावला, रुंद केलं, खोल केलं, पहिल्या पावसात तुडुंब पाणी. फोटो काढले, सगळे रडलो. तीन वर्षांत गाळानं भरलं, कारण वरच्या बांधबंदिस्तीकडे कुणी बघितलंच नव्हतं. आणि पाणी दिसलं तसे ओढ्याच्या काठानं अकरा नवे बोअर पडले. आम्ही साठवायचं बघितलं, वाटायचं बघितलं नाही. वहिनी आता जारचं विकतचं पाणी पिते. भाचीची शाळा उन्हाळ्यात पहिल्या दोन तासांनंतर सुरू होते, कारण सकाळी पाण्याला तिचा नंबर असतो. वेळापत्रकात तसं लिहिलेलं नाही, पण बाईंना माहीत आहे.

आडसाली (१५ मे, रात्री ९:००)

बालाघाट, तुझा हिशेब मुलीला तपासायला दिला होता. बरोबर आहे म्हणाली. माझ्या तीन एकरांचाही तिनंच मांडला. ठिबकचा अर्ज करतोय. ऊस मोडीन असं म्हणत नाही.

काळा_पाषाण (१६ मे, सकाळी ७:०५)

बालाघाट, आता कामाचं. विहिरीच्या काठावर एक पक्का दगड ठरवा, त्याच दगडावरून दर वेळी मोजा. दोराला वजन बांधा, हातहातावर गाठी मारा. मोजायच्या आधीचा दिवसभर आणि रात्रभर आजूबाजूच्या मोटरी बंद हव्यात, नाहीतर आकडा खोटा येतो. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. एवढ्या चार नोंदी दोन वर्षं ठेवल्या तर तुमच्या गावातलं लहान पोरसुद्धा सांगेल की पाणी कुठल्या महिन्यापर्यंत जाईल.

आणि बंद पडलेला बोअर उघडा ठेवू नका. लहान मूल पडण्याची भीती आहेच, शिवाय ते छिद्र गळतच राहतं. नुसतं तोंडाला झाकण लावून गळती थांबत नाही. वरच्या थराच्या खालपर्यंत भरून काढावा लागतो. जाणकार उभा करून करा.

बालाघाट_पायथा (३ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:१५)

धागा वर काढतोय. काल २ ऑक्टोबरची ग्रामसभा झाली.

यंदा पाऊस भरपूर. सप्टेंबरच्या सुरुवातीला तर इतका की सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. ओढे वाहतायत. अशा वेळी विहीर मोजू या म्हटलं तर माणसं तोंडाकडं बघतात. सरपंच म्हणाले, आता कशाला, उन्हाळ्यात बघू. मी म्हणालो, उन्हाळ्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

परवा रात्री सातांपैकी पाच मोटरी बंद राहिल्या. दोघांनी ऐकलं नाही. काल सकाळी आठ जण विहिरीवर जमलो. बहात्तरचा_गडी आजोबांचं ऐकून गावातल्या एका म्हातारीला खुर्चीवर बसवून आणलं होतं, तिनं त्या विहिरीवर पाट्या वाहिल्यात. झरा उगवतीच्या कोपऱ्यातून लागला होता, वडाच्या बाजूनं, असं तिनं बोट करून सांगितलं. आमचा बोअर त्याच बाजूला आहे. वडील तिथंच उभे होते.

काठापासून पाणी दोन परसांवर. म्हणजे सहा परस पाणी उभं आहे.

सभेत तासभर भांडण झालं. ठराव एवढाच झाला की विहिरीतलं पाणी पाच परसांवर गेलं, म्हणजे तीनच परस उरलं, की ५०० मीटरच्या आतल्या मोटरी शेतीसाठी बंद. सातांपैकी चौघांनी सही केली. ऊस कमी करायचा विषय मी मांडला, तो पुढं ढकलला. चौथी सही वडिलांची. त्यांनी सही करताना कुणाकडंच बघितलं नाही, आणि घरी आल्यावर मला म्हणाले, उसाचा खोडवा ठेवायचा नाही, तिथं हरभरा टाकू. बोअर भरून घ्यायचंही चाललंय. काळा_पाषाण सर, खर्चाचा अंदाज विचारायला तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

लातूरची_लेक (४ ऑक्टोबर, सकाळी ८:००)

उरलेले तिघं काय म्हणाले?

बालाघाट_पायथा (४ ऑक्टोबर, दुपारी १२:२०)

एक जण म्हणाला, आधी तुमचा बंद झालेला डोळ्यानं बघतो, मग सही देतो. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. एकाला मोसंबी जगवायची आहे, सहा वर्षांची बाग आहे, त्याच्याशी वेगळं बसून बोलावं लागेल. तिसरा सभेला आलाच नाही.

आडसाली (४ ऑक्टोबर, रात्री ९:४५)

मोसंबीवाल्याचा नंबर मला दे. माझ्या भावाची बाग २०१६ ला वाळली. ती कशामुळं वाळली, ते मी सांगतो त्याला.

काळा_पाषाण (५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०)

निरोप मिळाला. रविवारी येतो. केसिंगची पावती सापडली तर काढून ठेवा, आणि त्या आजींना पुन्हा एकदा विहिरीवर आणता येईल का बघा. वडाची बाजू म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत, ते मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे.